अँडरसनव्हिलचे देणे



रविवारच्या मिस्सानंतर हे पत्रक आपल्या हाती पडावे म्हणून आम्हांला आठवड्यातल्या एका ठरावीक दिवशी सगळा मजकूर छापखान्यात पोचवावा लागतो. त्या दिवसाला आम्ही 'डेडलाईन' म्हणतो. 'डेडलाईन गेली, आता पुढच्या अंकात पाहू,' असे एखाद्या उत्साही लेखकाला सांगण्याची वेळ आमच्यावर वरचेवर येते. शब्द इतका रोजचा झाला आहे की तो मुळात कोठून आला, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नव्हते. आता ते वाचनात आले आहे, आणि तेव्हापासून हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तरेचे सरकार एकमेकांशी चार वर्षे लढले. दक्षिणेच्या जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल या खेड्याजवळ उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी एक तळ होता. पाइनच्या ओंडक्यांचा उंच तट, त्यावर ठराविक अंतराने पहाऱ्याचे मचाण, आणि तटाच्या आत सुमारे १९ फुटांवर खुंट ठोकून त्यांवर बसवलेली एक साधी फळी. त्या फळीच्या पलीकडे पाऊल टाकणाऱ्या कैद्याला इशारा न देता गोळी घालावी, असा हुकूम होता. तिचे नाव 'डेडलाईन'. मेल्यावाचून ओलांडता न येणारी रेषा.

पहारेकरी बहुतेक जॉर्जियाच्या राखीव दलातले. तरणे लढाईवर गेलेले, म्हणून मागे उरलेली म्हातारी माणसे आणि मिसरूडही न फुटलेली पोरे मचाणावर उभी. चांगल्या पाण्याच्या आशेने कोणी ओढ्याच्या वरच्या अंगाला हात लांबवला आणि हात फळीपलीकडे गेला, की बंदूक उडे. बंदूक उडवणाऱ्या पोराने हुकूम पाळलेला असे. हुकूम देणाऱ्याने तटाची व्यवस्था राखलेली असे. त्याला नेमणाऱ्याने युद्ध चालवलेले असे. मग त्या मेलेल्या माणसाचे देणे कोणाच्या खात्यावर मांडायचे? हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे आणि दुसऱ्या खंडातला आहे. पण हुकूम, नियम, वरून आलेला कागद आणि त्याखाली दबलेला माणूस ही चौकडी कोठल्याही देशाची असू शकते.

आधी तो तळ कसा होता ते पाहू. फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिले कैदी आले तेव्हा तटाच्या आत साडेसोळा एकर जागा होती. दहा हजार माणसे मावतील असा हिशेब होता. जूनमध्ये तट वाढवून साडेसव्वीस एकर जागा केली, पण त्यातला बराच भाग ओढ्याकाठची दलदल होती. ऑगस्टमध्ये आत ३२ हजारांहून जास्त माणसे होती. तो ओढा पिण्याचा, तोच धुण्याचा, तोच शौचाचा. आणि आत शिरण्याआधी तो पहारेकऱ्यांच्या छावणीवरून व भटारखान्यावरून वाहत येई. खायला मक्याचे भरड पीठ, तेही बहुधा कणसाच्या दांड्यासकट दळलेले, न चाळलेले. आधीच हगवणीने सोललेल्या आतड्यांना ते सुरीसारखे लागे. भाजीपाला नाही, म्हणून स्कर्व्ही. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, पाय काळे पडायचे. सुमारे चौदा महिन्यांत जवळजवळ ४५ हजार माणसे त्या तटाच्या आत गेली. त्यांतली जवळजवळ १३ हजार बाहेरच्या चरांत खांद्याला खांदा लावून पुरली गेली.

यात एक बाब आम्हांला विशेष खटकते. दक्षिणेकडे तेव्हा औषधे नव्हती, गहू कमी होता, रेल्वे मोडकळीला आली होती. हे खरे आहे. स्वतःच्या सैनिकांनाही ते पुरेसे देऊ शकत नव्हते. पण तळाच्या चारी बाजूंना पाइनचे जंगल होते. तरी आतल्या माणसांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. फाटक्या घोंगड्या काठ्यांवर ताणून, नाही तर हातांनी जमिनीत बिळे उकरून ती जॉर्जियाच्या उन्हापावसात पडून होती. लाकूड डोळ्यांना दिसत होते, ते तोडायला हजारो हात रिकामे होते. मध्ये फक्त एक तट होता आणि एक परवानगी. गरिबीची सबब आपण मान्य करू. पण सगळी सबब गरिबीची नव्हती.

इतके कैदी एका जागी का साठले? याचे उत्तर ऐकायला बरे नाही, कारण त्यात बरी बाजूही सामील आहे. जुलै १८६२ मध्ये दोन्ही सैन्यांत कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला होता. काही काळ तो चालला. मग उत्तरेने कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती केले. दक्षिणेने जाहीर केले की असे शिपाई पकडले गेले तर आम्ही त्यांना युद्धकैदी मानणार नाही. गुलाम होता तो गुलामच, त्याला परत मालकाकडे धाडू. आणि त्यांचे नेतृत्व करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना गुलामांचा उठाव करवल्याबद्दल शिक्षा करू. उत्तरेच्या सैन्याने एप्रिल १८६३ मध्ये फ्रान्सिस लीबर या कायदेपंडिताने तयार केलेली युद्धनियमांची संहिता लागू केली होती. युद्धकैद्यांत रंगावरून भेद करता येणार नाही, असे तिच्यात स्पष्ट होते. दक्षिण ऐकेना, उत्तर हटेना. अदलाबदल बंद पडली आणि तुरुंग भरत गेले.

आमच्यात या मुद्द्यावर बोलणे झाले तेव्हा एकमत झाले नाही. एकजण म्हणाले, 'तत्त्वासाठी तेरा हजार माणसे मरू दिली, हे कसले तत्त्व?' दुसऱ्यांनी विचारले, 'मग काय करायचे होते? गोऱ्या शिपायांना सोडवून आणायचे आणि त्यांच्याच शेजारी लढलेल्या काळ्या शिपायांना पुन्हा गुलामीच्या बाजारात सोडायचे?' आम्हांला दुसऱ्यांचे म्हणणे पटते. पण पटले म्हणून मन शांत होत नाही. कारण जनरल ग्रँट यांचे १८ ऑगस्ट १८६४ चे पत्र वाचले की दिसते, तत्त्वाच्या शेजारी एक साधा हिशेबही बसलेला होता. आपल्या कैद्यांना न सोडवणे त्यांच्यावर कठोर आहे हे ते कबूल करतात. पण सोडलेला प्रत्येक दक्षिणी शिपाई पुन्हा बंदूक घेऊन समोर येईल, म्हणून अदलाबदल न करणे हीच रणांगणावर उरलेल्यांवरची दया, असे त्यांचे म्हणणे. त्या उन्हाळ्यात अँडरसनव्हिलच्या कैद्यांनी अदलाबदल पुन्हा सुरू करा असा विनंतीअर्ज लिहिला. तळाचा अधिकारी हेन्री विर्झ याने तो वॉशिंग्टनला नेण्यासाठी काही कैद्यांना वचनावर सोडले. अर्जाचा उपयोग झाला नाही. ज्यांच्या जिवावर तत्त्व उभे होते त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनी आपणहून सांगितले तेव्हा ऐकले नाही. तत्त्व योग्य होते म्हणून हे देणे फिटत नाही.

(जाता जाता आपल्या शहराबद्दलही सांगू. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ साली, ती माणसे त्या ओढ्याकाठी मरत होती तेव्हा, मुंबईत शेअरबाजार तेजीने वेडा झाला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो कोसळला. त्या पैशाने मुंबईचे पुष्कळ भले झाले हे खरे. पण युद्ध संपल्याची बातमी वाईट बातमी म्हणून ऐकणारे लोकही तेव्हा मुंबईत होते, हेही खरे.)

तटाच्या आत आणखी एक राज्य होते. कैद्यांतल्याच गुंडांच्या टोळ्या नव्याने आलेल्यांना लुटत, घोंगडी-पैसा हिसकावत, प्रसंगी ठारही मारत. जूनच्या अखेरीस इतर कैद्यांनी संघटित होऊन त्यांना पकडले. तळाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन कैद्यांनीच न्यायालय बसवले. नव्याने आलेल्या सार्जंटांमधून पंच निवडले, कारण त्यांच्या मनात जुने वैर नसणार. साक्षी झाल्या. सहाजणांना फाशीची शिक्षा झाली. बाकीच्यांना काठ्या घेतलेल्या कैद्यांच्या दोन रांगांमधून पळावे लागले, आणि त्यातही काही मेले. ११ जुलै १८६४ रोजी तटाच्या आत फाशीचा मंच उभा राहिला. छपराला न मिळालेले लाकूड फाशीला मात्र मिळाले. एकाची दोरी तुटली. तो खाली पडला, जीव वाचवण्याची याचना करू लागला. त्याला पुन्हा वर चढवले.

हजारो डोळे पाहत होते. त्या गर्दीपुढे एक म्हातारा धर्मगुरू उभा राहून या सहाजणांसाठी दया मागत होता. गर्दीने त्याचे ऐकले नाही. ती का ऐकील? तिचे भाऊबंद त्या टोळ्यांनी मारले होते. आम्ही त्या गर्दीत असतो तर आम्हीही ऐकले नसते, असे प्रामाणिकपणे वाटते. आजही त्या स्मशानभूमीत त्या सहाजणांच्या कबरी इतरांपासून वेगळ्या आहेत.

तो धर्मगुरू म्हणजे फादर पीटर व्हीलन. आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात १८०२ साली जन्मलेले, तरुणपणी अमेरिकेत आलेले, आयुष्याची बरीच वर्षे जॉर्जियातल्या एका लहानशा खेडवळ धर्मग्रामात काढलेले. विद्वान म्हणून किंवा वक्ते म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. युद्ध सुरू झाल्यावर ते सव्हानाजवळच्या पुलास्की किल्ल्यात दक्षिणेच्या शिपायांचे चॅपलेन झाले. एप्रिल १८६२ मध्ये किल्ला पडला आणि शिपायांबरोबर तेही कैद होऊन न्यूयॉर्कच्या बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंडवर गेले. सुटण्याची सवलत त्यांना मिळू शकत होती, पण आपल्या माणसांना सोडून जायला ते तयार झाले नाहीत. थंडगार दगडी भिंतींच्या आत, न्यूयॉर्कमधल्या एका धर्मगुरूच्या मदतीने, ते आपल्या शिपायांसाठी कपडे आणि खाणे मिळवत राहिले. शत्रूच्या शहरातल्या माणसाने पाठवलेली भाकरी कैद्याला कशी लागते, हे त्यांना माहीत होते.

मे १८६४ मध्ये मेकन गावचे फादर विल्यम हॅमिल्टन यांनी अँडरसनव्हिलला भेट दिली. मरणाऱ्या कैद्याचे पापनिवेदन ऐकण्यासाठी त्याच्या बिळात हातापायांवर रांगत शिरावे लागते, असे त्यांनी पुढे साक्षीत सांगितले. त्यांनी सव्हानाचे बिशप ऑगस्टिन व्हेरो यांना कळवले आणि बिशपांनी फादर व्हीलन यांना पाठवले. १६ जूनला ते पोचले. वय बासष्ट. तळाजवळच्या एका लहानशा झोपडीत ते राहत. सकाळी आत जात ते दुपार कलल्यावर बाहेर येत. इतर काही धर्मगुरू मदतीला आले. फादर हेन्री क्लाव्हरूल तर आजारी पडून परत गेले. व्हीलन ऑक्टोबरपर्यंत तेथेच होते. उवा, दुर्गंधी, डोक्यावर ऊन, आणि दर थोड्या पावलांवर मरणारा एक माणूस. कॅथलिक कोण आणि कॅथलिक नाही कोण, हे पाहायला वेळ नव्हता आणि त्यांनी ते पाहिलेही नाही. पुढे पुष्कळ कैद्यांनी आठवणी लिहिल्या. कॅथलिक नसलेल्या, एरवी आपल्या धर्मगुरूंविषयी फारसे बरे न बोलणाऱ्या माणसांनीही, नेमाने आत येणारा म्हणून याच माणसाचे नाव घेतले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा पडले. उत्तरेचे सैन्य जवळ आले म्हणून कैद्यांना दुसरीकडे हलवायला सुरुवात झाली. चालू शकणारे गेले, रोगी मागे राहिले. तेव्हा फादर व्हीलन यांनी मेकनमधल्या एका खाणावळवाल्याकडून दक्षिणेच्या चलनात १६ हजार डॉलर कर्जाऊ घेतले. दक्षिणेचा पैसा तोवर कागदाच्या मोलाचा झाला होता. सोन्यात त्याची किंमत सुमारे ४०० डॉलर. त्या पैशातून त्यांनी दहा हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलो, गव्हाचे पीठ विकत घेतले आणि त्याचे पाव भाजून रुग्णालयातल्या कैद्यांना वाटले. कैदी त्याला 'व्हीलनचा पाव' म्हणत. तो काही महिने पुरला. आपल्या भागात पावाची भट्टी ज्यांच्या घरी होती त्यांना कळेल, साडेचार हजार किलो पीठ म्हणजे किती आणि बत्तीस हजारांच्या तळापुढे ते किती थोडे.

आता एक अवघड गोष्ट. येथे फक्त चांगलेच सांगून थांबलो तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. फादर व्हीलन यांना तेथे पाठवणारे, स्वतःही तेथे जाऊन आलेले हेच बिशप व्हेरो जानेवारी १८६१ मध्ये फ्लोरिडात प्रवचनातून गुलामगिरीचे समर्थन करून चुकले होते. गुलामांचे विवाह आणि कुटुंबे मोडू नका, त्यांना माणुसकीने वागवा, असेही त्यांनी मालकांना बजावले होते. पण संस्था म्हणून गुलामगिरी धर्माविरुद्ध नाही, हे त्यांनी सांगितले, ते छापले गेले आणि दक्षिणेत वाटले गेले. ज्या व्यवस्थेमुळे अदलाबदल थांबली आणि तो तट भरला, त्या व्यवस्थेला एका बिशपाचा असा आधार मिळाला होता. अँडरसनव्हिलमध्येच मेजर आर्चिबाल्ड बोगल नावाचा एक जखमी अधिकारी होता. कृष्णवर्णीय पलटणीचा अधिकारी म्हणून त्याला तेथे औषधपाणी नाकारले गेले. आजाऱ्याच्या बिळात रांगत शिरणारे धर्मगुरू आणि त्यांच्या बिशपांचे ते छापील प्रवचन, दोन्ही एकाच ख्रिस्तसभेतली. हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. भाकरी वाटणारा हात आणि भूक निर्माण करणारा हात कधीकधी एकाच अंगाला असतात, हे ओळखणे जड जाते म्हणून लिहितो.

त्याच ऑगस्टमध्ये आणखी एक माणूस अँडरसनव्हिलला येऊन गेला. कर्नल चँडलर, दक्षिणेच्याच सैन्याचा तपासनीस. त्याने ५ ऑगस्टच्या अहवालात जे पाहिले ते लिहिले, कैदी पाठवणे थांबवा म्हणून सांगितले, आणि तुरुंगाचा वरिष्ठ अधिकारी जनरल विंडर याच्या जागी ज्याच्यात काही दयामाया आहे असा माणूस नेमा, अशी शिफारस केली. अहवाल रिचमंडच्या युद्धखात्यात पोचला. कोणीतरी त्यावर गंभीर शेराही मारला. आणि नोव्हेंबरमध्ये विंडरला बढती मिळाली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सगळ्या लष्करी तुरुंगांचा तो प्रमुख झाला. सरकारी कचेरीत एकदा तरी फाईल अडकलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वाईट माणसे होती म्हणून तेरा हजार मेले, असे म्हटले की सोपे वाटते. तेथे एक सत्य बोलणारा माणूसही होता, त्याचा कागदही जागच्या जागी पोचला होता, आणि काही झाले नाही.

युद्ध संपले तेव्हा विंडर मरून गेला होता. हाती लागला तो विर्झ.

हेन्री विर्झ मूळचा स्वित्झर्लंडचा, झुरिकचा. अमेरिकेत येऊन लुइझियानात वैद्यकी करणारा. युद्धात हाताला जखम होऊन तो निकामी झालेला. स्वभावाने तापट, बोलण्यात शिवराळ, उच्चार परदेशी. सर्वांना द्वेष करायला सोयीचा माणूस. ऑगस्ट ते ऑक्टोबर १८६५ वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगापुढे त्याच्यावर खटला चालला. आयोगाचे अध्यक्ष होते जनरल ल्यू वॉलेस, ज्यांनी पुढे १८८० मध्ये 'बेन हर' ही कादंबरी लिहिली. तिच्यावरचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सुमारे १६० साक्षीदार झाले. आरोप दोन: कैद्यांचे प्राण घेण्याचा कट, आणि प्रत्यक्ष खून. खुनाच्या कलमांत मेलेल्यांची नावे नव्हती. नाव अज्ञात, असेच म्हटले होते. काही कलमे ऑगस्टमधली होती, आणि त्या महिन्यात विर्झ काही काळ आजारी होता, असा बचाव मांडला गेला. फादर हॅमिल्टन आणि फादर व्हीलन दोघेही साक्षीला उभे राहिले. विर्झने कोणाला आपल्या हाताने मारल्याचे आपण पाहिले नाही, असे व्हीलन यांनी सांगितले. ज्यांच्यासाठी पाव भाजले त्यांच्या छळाबद्दल आरोपी असलेल्या माणसाबाबतही, जे पाहिले नाही ते पाहिले असे म्हणायला ते तयार नव्हते.

१० नोव्हेंबर १८६५ रोजी विर्झला जुन्या कॅपिटॉल तुरुंगाच्या आवारात फाशी दिले. आज त्या जागी अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय उभे आहे. दोन कॅथलिक धर्मगुरू त्याच्या सोबत होते. हुकूम म्हणजे काय हे मला माहीत आहे आणि हुकूम पाळल्याबद्दलच मला फाशी होत आहे, अशा अर्थाचे तो तेथल्या अधिकाऱ्याला म्हणाल्याचे सांगतात. बाहेर जमलेले शिपाई अँडरसनव्हिलची आठवण ठेवा म्हणून घोष करत होते.

विर्झचा तो बचाव ऐंशी वर्षांनी न्युरेंबर्गला पुन्हा ऐकू आला आणि तेथेही तो चालला नाही. आमच्या ख्रिस्तसभेनेही दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या १९६५ सालच्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की अमानुष कृत्यांचा हुकूम हा स्वतःच गुन्हा आहे आणि आंधळे आज्ञापालन ही त्यावर सबब होऊ शकत नाही. हे आम्हांला मान्य आहे. विर्झ निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. डेडलाईनचा हुकूम त्याच्या तळावर राबत होता. लाकडासाठी माणसे बाहेर पाठवणे त्याच्या वरिष्ठांच्या परवानगीचे असेल, पण ती परवानगी मिळेपर्यंत दार ठोठावणे त्याच्या हातात होते. तो हुकुमाखाली होता एवढ्याने तो सुटत नाही.

पण तो लटकला म्हणून बाकीचे कसे सुटले? कटाच्या आरोपपत्रात दक्षिणेच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावे होती. त्यांच्यावर या प्रकरणी कधीच खटला चालला नाही. चँडलरचा कागद दाबून ठेवणारे कारकून, मंत्री घरी गेले. आणि उत्तरेत? न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा येथे दक्षिणेच्या कैद्यांचा तळ होता. तेथे धान्याची टंचाई नव्हती, नाकेबंदी नव्हती, युद्ध दूर होते. तरी १२ हजारांवर कैद्यांपैकी जवळजवळ तीन हजार एका वर्षात थंडीने, भुकेने, रोगाने मेले. चारातला एक. त्याबद्दल कोणालाही फाशी झाले नाही, कारण युद्ध जिंकणाऱ्याच्या तुरुंगाला कोणी आयोग बसवत नाही. दोन्ही बाजू मिळून सुमारे ५६ हजार माणसे कैदेत मेली. त्यांच्यापुढे विर्झचा देह ठेवून हिशेब पुरा झाला असे मानले गेले. आम्हांला येथेच चूक दिसते. जबाबदारी ही भाकरीसारखी वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, असे आपण धरून चालतो. दहा जण सामील असले तर दहावा हिस्सा. पिलातानेही हात धुतले ते याच समजुतीने. पण अँडरसनव्हिलच्या तटाभोवतीच्या प्रत्येकाकडे पाहिले, मचाणावरच्या पोरापासून रिचमंडच्या मंत्र्यापर्यंत, तर प्रत्येकाच्या माथी ती अखंडच दिसते. एकाने ती घेतली म्हणून दुसऱ्याची उतरत नाही.

या खटल्याच्या काळातच आणखी एक लष्करी खटला झाला, तो सहसा कोणी सांगत नाही. डोरेन्स ॲटवॉटर नावाचा कनेक्टिकटचा एक तरुण कैदी होता. अक्षर चांगले म्हणून त्याला अँडरसनव्हिलच्या कचेरीत मृतांची नोंदवही लिहायला बसवले होते. एका वहीत तो सरकारी नोंद करी आणि गुपचूप दुसरी प्रत आपल्यासाठी लिही: नाव, पलटण, तारीख, रोग, कबरीचा क्रमांक. त्याला भीती होती की दक्षिणेकडची वही घरच्यांपर्यंत कधी पोचणार नाही. ती प्रत कोटाच्या अस्तरात लपवून त्याने बाहेर आणली. तिच्याच आधारे १८६५ च्या उन्हाळ्यात क्लॅरा बार्टन आणि तो परत अँडरसनव्हिलला गेले आणि कबरींवर नावांच्या पाट्या लावल्या. जवळजवळ १३ हजार कबरींपैकी फक्त सुमारे ४६० कबरी 'अज्ञात' राहिल्या.

आणि मग त्या यादीच्या मालकीवरून त्याचे स्वतःच्याच सैन्याशी वाजले. यादी सरकारची, असे खाते म्हणाले. घरच्यांना कळले पाहिजे, असे तो म्हणाला. सप्टेंबर १८६५ मध्ये त्याच्यावर कोर्ट मार्शल झाले, चोरीच्या आरोपाखाली, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी. ज्यासाठी विर्झवर खटला चालला होता त्या मृतांची नावे वाचवणारा मुलगा, विर्झ अजून जिवंत असताना, उत्तरेच्या तुरुंगात जाऊन बसला. सुमारे दोन महिन्यांनी त्याला सोडून दिले. १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' वृत्तपत्राने ती यादी छापली, आणि हजारो घरांत आईबापांना पहिल्यांदा कळले की मुलगा कधी गेला आणि कोठे पुरला आहे.

फादर व्हीलन सव्हानाला परतले होते. पावाच्या पिठासाठी घेतलेले कर्ज डोक्यावर होते. पाव खाल्ला तो उत्तरेच्या शिपायांनी, म्हणून त्यांनी वॉशिंग्टनच्या युद्धखात्याला पत्र लिहून ४०० डॉलर मागितले. ते त्यांना मिळाले नाहीत. ६ फेब्रुवारी १८७१ रोजी ते सव्हानात वारले आणि तेथल्या कॅथलिक कबरस्तानात त्यांना पुरले.